कॅडी कुणाचा, फटका कुणाचा: मुंबईतल्या एका दृष्टिबाधित गोल्फ लीगमधला वाद

गेल्या हंगामात तिसरी फेरी झाली आणि संध्याकाळी लीगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक व्हॉइस मेसेज आला. ऊन, लोकल, क्लबचा चहा असं त्यात बरंच काही होतं, पण मुद्द्याचं वाक्य एकच: "बोरिवली खेळत नाही, बोरिवलीचा कॅडी खेळतो." बोरिवली म्हणजे तिथून येणारा आमचा एक खेळाडू, आणि कॅडी म्हणजे गोल्फ खेळाडूची पिशवी सांभाळणारा, त्याला सल्ला देणारा माणूस. दोन दिवसांत ग्रुपमध्ये सरळ दोन तट पडले आणि चौथी फेरी होते की नाही याचीच शंका आली.

ही दृष्टिबाधित खेळाडूंची गोल्फ लीग आहे. नोव्हेंबर ते मार्च, हार्बर लाईनवरून गाठता येणाऱ्या एका क्लबच्या मैदानावर नऊ-नऊ होलच्या सहा फेऱ्या. होल म्हणजे झेंडा लावलेलं भोक, आणि चेंडू तिथपर्यंत न्यायचा तो टप्पाही. डझनभर खेळाडू, तेवढेच गाईड (खेळाडूला चेंडू आणि दिशा लावून देणारी डोळस माणसं, कधी क्लबचे कॅडी, कधी घरचं कुणी), आणि वेळापत्रक, पैसे, स्कोअरकार्डं सांभाळायला आम्ही तिघं. गाईडची यादी माझ्याकडे असते, त्यामुळे भांडण आपसूक माझ्या दारात आलं. अशी लीग दुसरीकडे कुणी सुरू करणार असेल तर त्यांच्याकडेही हा वाद आज ना उद्या येईल, म्हणून तो सविस्तर लिहून ठेवतोय. नावं घेतलेली नाहीत. घ्यायची गरजही नाही, कारण लीगमध्ये सगळे एकमेकांना स्टेशनच्याच नावाने हाक मारतात. सकाळी कोण पोहोचलं, कोण अडकलं याची चौकशी करताना "कल्याण आले का?", "मुलुंड कुर्ल्याला गाडी बदलतेय" असं सुरू झालं, आणि तीच नावं चिकटली.

आधी थोडं खेळाविषयी

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, हा कुणीतरी हौसेने किंवा दयेने भरवलेला कार्यक्रम असणार. प्रत्यक्षात अंध गोल्फला शंभर वर्षांचा इतिहास आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या डुलुथ शहराचे क्लिंट रसेल यांची दृष्टी १९२४ मध्ये गाडीचा टायर तोंडासमोर फुटून गेली. त्यानंतर लवकरच त्यांनी गोल्फ हातात घेतला आणि १९३० मध्ये १८ होलची फेरी ८४ फटक्यांत संपवली. आपल्याकडच्या क्लबांमध्ये वर्षानुवर्षं दर रविवारी खेळणाऱ्या कितीतरी डोळस सभासदांना इतका कमी आकडा कधी दिसत नाही. अमेरिकेतली अंध गोल्फर्सची संघटना १९५३ ची, आंतरराष्ट्रीय संघटना १९९७ ची. २०२३ पासून गोल्फच्या मूळ नियमपुस्तकातच २५ वा नियम अपंगत्व असलेल्या खेळाडूंसाठी आहे, त्यामुळे 'आमचे वेगळे नियम' असं म्हणत फिरावं लागत नाही.

त्यातल्या दृष्टिबाधितांसाठीच्या सवलती मोजक्या आहेत. डोळस खेळाडूचा कॅडी त्याच्या पाठीमागे रेषेत उभा राहून त्याला दिशा लावून देऊ शकत नाही. दृष्टिबाधित खेळाडूला मात्र उभं राहायला आणि नेम धरायला मदत घेता येते. बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, एरवी फटक्याआधी चेंडूच्या मागच्या वाळूला क्लब (गोल्फची काठी) टेकला की दंड बसतो. इथे बसत नाही, कारण चेंडू कुठे आहे ते कळायला टेकवावाच लागतो. मात्र वाळू मऊ आहे की घट्ट याची मुद्दाम चाचपणी केली किंवा चेंडूमागची वाळू दाबून जागा सोयीची करून घेतली, तर दंड त्यांनाही आहेच. बाकी खेळ तोच. तेच मैदान, तेच क्लब, तोच चेंडू.

आमचे बरेचसे खेळाडू अंध क्रिकेटमधून आलेले. त्यांच्यासाठी सगळ्यात मोठा बदल आवाजाचा. क्रिकेटचा चेंडू खुळखुळत येतो, कान टवकारून वाट पाहायची असते. गोल्फचा चेंडू मुका. पण तो पळतही नाही, आपल्यासाठी थांबून राहतो. मुलुंड पहिल्या दिवशी म्हणाली होती, "म्हणजे चुकलं तर बॉलरला शिव्या देता येणार नाहीत." क्रिकेटमधून आणखी एक गोष्ट आली. तिथे बी-वन, म्हणजे पूर्ण अंध गटातल्या फलंदाजाच्या धावा दुप्पट धरतात. पहिल्याच बैठकीत मागणी झाली की इथेही बी-वनला डबल द्या. फटके जितके कमी तितका माणूस पुढे, अशा खेळात डबल करून बी-वनचं वाटोळंच होईल, हे लक्षात यायला थोडा वेळ लागला आणि मग सगळे बराच वेळ हसले.

गुण आम्ही स्टेबलफोर्ड पद्धतीने मोजतो. फ्रँक स्टेबलफोर्ड या इंग्लिश डॉक्टरांची ही पद्धत, १९३२ मध्ये वॉलसी क्लबवर स्पर्धेत वापरली गेली. पार म्हणजे त्या होलला चांगल्या खेळाडूला लागतील असे धरलेले फटके, आणि हँडिकॅप म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट. हँडिकॅप वजा जाता पार झाला की दोन गुण, एक फटका जास्त गेला तर एक गुण, एक कमी लागला तर तीन. दोन किंवा अधिक फटके जास्त गेले तर शून्य, चेंडू उचला आणि पुढच्या होलला चला. एका बंकरमध्ये बारा फटके गेले म्हणून अख्खी सकाळ वाया जात नाही. हँडिकॅप ५४ पर्यंत देता येतो, आमच्यातले निम्मे त्याच्या आसपासच आहेत.

सोमवार का, आणि डोंबिवलीचं काय

सुरुवातीला फेऱ्या रविवारी ठेवल्या होत्या. रविवार म्हणजे मेगाब्लॉक. हार्बर बंद, मग कुर्ल्याहून बस, मग रिक्षावाल्याला मैदानाचं गेट समजावून सांगा. डोळस माणूसही वैतागतो. पांढरी काठी आणि क्लबची पिशवी घेऊन ते करणं म्हणजे खेळायच्या आधीच दमून जाणं. शिवाय रविवारी क्लबच्या सभासदांची गर्दी. सोमवारी मैदानाच्या देखभालीची कामं असतात, सभासद कमी असतात, आणि सकाळची गर्दी ओसरल्यावर दिव्यांग डब्यात पिशवी ठेवायला जागा मिळते. नोकरी करणाऱ्यांना रजा टाकावी लागते, हा तोटा आहेच. पावसाळ्यात सगळं बंद. मैदान चिखल होतं, चेंडू पडतो तिथेच रुततो. तेव्हा दादरला एका हॉलमध्ये सतरंजीवर पटिंग, म्हणजे चेंडू होलकडे हलकेच घरंगळवायचा सराव.

वर्गीकरणाचा गुंता थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या निर्णयात तो डोकावतो. डोंबिवलीकडे यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र आहे, त्यावर 'अल्पदृष्टी' लिहिलंय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टीची व्याख्या ६/१८ पासून सुरू होते (डोळस माणसाला अठरा मीटरवरून दिसतं ते सहा मीटरवरून दिसणं). अंध खेळांचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण त्याहून कडक आहे. बी-थ्री या सर्वांत सौम्य गटातही चष्मा लावून, चांगल्या डोळ्याची नजर ६/६० किंवा त्याहून कमी लागते. डोंबिवलीची नजर ६/३६. म्हणजे सरकारच्या लेखी तो दृष्टिबाधित, खेळाच्या लेखी नाही. त्याला घरी पाठवणं आम्हाला पटलं नाही. तो खुल्या गटात खेळतो, त्याचे गुण मुख्य तक्त्यात धरत नाही. पहिल्या वर्षी तो रुसला होता. आता दुसऱ्यांचं स्कोअरकार्ड लिहितो आणि प्रत्येक फटक्यावर नको तितकी मतं देतो.

गाईड नेमकं काय करतो

वाद समजायचा तर हे जवळून बघायला हवं.

कल्याण हे बँकेतून टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ, जन्मतः अंध. त्यांच्या गाईड म्हणजे त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी. पालिकेच्या शाळेत वर्षानुवर्षं शिकवलेल्या. लीगमध्ये येण्याआधी त्यांनी गोल्फचं मैदान फक्त टीव्हीवर पाहिलेलं. पाचव्या होलचा त्यांचा एक फटका सांगतो. वहिनी आधी चेंडूच्या मागे उभ्या राहतात, झेंडा बघतात. मग सांगतात, "एकशे तीस. मध्ये सपाट, पुढे उजवीकडे खड्डा." बंकरला त्या खड्डाच म्हणतात. कल्याण सेव्हन आयर्न हा क्लब मागतात. वहिनी खाली बसून क्लबचं डोकं चेंडूच्या मागे टेकवतात, त्याचा चेहरा झेंड्याकडे वळवतात. मग त्यांचा डावा बूट हाताने दोन बोटं मागे. खांदा थोडा आत. "आता सरळ." त्या उठतात, बाजूला होतात आणि गप्प बसतात. एक शब्द नाही. डोक्यावरून विमान गेलं तर ते जाईपर्यंत दोघंही थांबतात. कल्याण क्लब हलवून एकदा गवताला स्पर्श करतात आणि मारतात. आवाजावरूनच त्यांना कळतं. चेंडू क्लबच्या मधोमध लागला तर एक बारीक 'टक्', टोकाला लागला तर हाताला झिणझिण्या. वहिनी सांगतात तो पुढचा तपशील: "गेला. थोडा डावा, शंभरच्या पुढे."

ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, काम बदलतं. दोघं चेंडूपासून होलपर्यंत चालत जातात. वहिनी पावलं मोजतात, कल्याण तळव्याने चढ-उतार बघतात. "बावीस," वहिनी म्हणतात. "शेवटी घसरतंय," कल्याण म्हणतात. दृष्टिबाधित गोल्फर ग्रीनचा उतार पायाने वाचतो, आणि डोळ्यांना न दिसणारा बारीक उतारही कधी कधी त्याला कळतो. मग वहिनी झेंड्याची काठी होलमध्ये हलकेच खडखडवतात, कल्याण त्या आवाजाकडे तोंड करून उभे राहतात, वहिनी दिशा पक्की करून देतात, आणि पट.

आता बोरिवलीचा गाईड. हे कॅडी कित्येक वर्षं त्याच मैदानावर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. मैदानाचं गवतन् गवत ओळखीचं. कुठल्या ग्रीनवर चेंडू कडेच्या नाल्याकडे ओढला जातो, दुपारी वारा कुठून फिरतो, सगळं तोंडपाठ. बोरिवली हा तिशीतला फिजिओथेरपिस्ट, कॉलेजात असताना दृष्टी गेलेला. त्याने आधी डोळ्यांनी क्रिकेट, टेनिस, सगळं पाहिलेलं आहे, म्हणून स्विंग, म्हणजे क्लब फिरवणं, कसं दिसतं हे त्याला माहीत आहे. कल्याणना स्विंग शिकवताना त्यांचे हात कोचच्या कमरेवर ठेवून कंबर कशी वळते ते दाखवावं लागलं. या दोघांत मुळातच फरक आहे आणि तो फरक गाईडचा नाही, हे वादाच्या वेळी कुणी बोलायला तयार नव्हतं.

तक्रार आणि तिच्या आतलं खरं कारण

बोरिवली पहिल्या तिन्ही फेऱ्या जिंकला. तिसरी तर चांगल्याच फरकाने. कल्याणांचं म्हणणं असं: मामा उतार वाचतात, क्लब निवडतात, पाय लावतात, दिशा लावतात, उरलं काय? बोरिवलीचं म्हणणं: उरला तो फटका. सगळ्या जगात डोळस खेळाडूंनाही कॅडी सल्ला देतात, त्यात नवल काय?

नियमांच्या अंगाने बोरिवली शंभर टक्के बरोबर होता. कॅडीचा सल्ला घेणं हा गोल्फचाच भाग आहे. पण मला कल्याणांचा राग खोटा वाटला नाही, म्हणून मी दोन-चार लोकांशी फोनवर निवांत बोललो. मग उलगडलं. मामांना क्लबच्या दराप्रमाणे पैसे लीग देत होती. बोरिवली त्यावर वेगळे, बरेच जास्त, स्वतःच्या खिशातून देत होता. त्यात गैर काही नाही. चांगल्या कॅडीला सभासदही तसेच देतात. पण परिणाम असा की मामा इतर कुणाच्या वाट्याला येतच नव्हते. उरलेल्यांना कॉलेजच्या एनएसएसमधून (राष्ट्रीय सेवा योजना) आलेली मुलं, भाऊ, बायको, किंवा सोमवारी काम नसलेले नवखे कॅडी. म्हणजे भांडण मदतीवरून नव्हतंच. चांगली मदत कुणाला परवडते, यावरून होतं. गोल्फ हा मुळातच पैशाचा खेळ, त्यात आम्ही क्लबच्या मेहरबानीने कमी शुल्कात खेळतो, आणि तिथेही हा दर्जाभेद डोकावला म्हणून लोक चिडले. हे कुणी ग्रुपवर स्पष्ट लिहिलं नाही. मराठी माणूस पैशाचं सरळ बोलत नाही, त्यापेक्षा नियमाचं बोलतो.

मुलुंडने एक उपाय सुचवला: प्रत्येक फेरीला गाईड चिठ्ठी टाकून ठरवा. ऐकायला सोपा. त्यावर तिघांनी तीन अडचणी काढल्या आणि तिन्ही खऱ्या होत्या.

बोरिवली म्हणाला, "दर वेळी नवा माणूस दिलात तर मी मैदान नाही, माणूसच शिकत बसेन." हे विश्वासाचं कारण आहे आणि अंध खेळांत ते फार मोठं आहे. पूर्ण जोर लावून क्लब फिरवायचा आणि समोर काय आहे ते दुसऱ्याच्या शब्दावर सोडायचं. शब्द ओळखीचा नसेल तर हात आखडतो.

दुसरी अडचण हँडिकॅपची. हँडिकॅप ज्या फेऱ्यांवरून निघतो त्या फेऱ्या एका गाईडसोबतच्या, आणि सामना दुसऱ्या गाईडसोबत. आकडा तोच राहतो पण त्याचा अर्थ बदलतो.

तिसरी अडचण वहिनींनी मांडली. बैठकीत त्या एरवी बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "मी यांचे पाय सरकवते. दुसऱ्या कुणाच्या पायाला मी हात लावायचा?" आणि हॉल शांत झाला. मग सगळ्यांनाच आपापले प्रसंग आठवले. मामा साठीच्या पुढचे, पहिल्या दिवशी ते बोरिवलीचा बूट सरकवायला वाकले तेव्हा तो दचकून मागे सरला होता, "मामा, पाय नका धरू." एनएसएसमधल्या मुलीला मुलुंडच्या खांद्याला हात लावायला काही वाटत नव्हतं, पण एका मध्यमवयीन खेळाडूला हात लावताना तिला वाटत होतं आणि त्यालाही वाटत होतं. परदेशातल्या शिकवणीच्या व्हिडिओंमध्ये गाईड खेळाडूला कमरेला धरून सरळ करतो, कुणी दखलही घेत नाही. आमच्याकडे तसं चालत नाही, आणि चालवून घ्यायला हवं असंही मला वाटत नाही.

तोडगा निघाला तो मांडीवरच्या क्लबमधून

पहिला विचार आला तो जमिनीवर काठी ठेवायचा. गाईडने झेंड्याच्या दिशेने काठी टाकायची, खेळाडूने बुटांची टोकं तिला लावून उभं राहायचं. सरावात आम्ही हे सर्रास करतो. पण सामन्यात ते चालत नाही. उभं राहायची दिशा लावायला जमिनीवर ठेवलेल्या वस्तूचा आधार घेतला, तर गोल्फच्या नियमाने दंड आहे, मग ती वस्तू फटक्याआधी उचलली तरीही. तिथे आमचं घोडं अडलं.

मार्ग मामांनी सुचवला, ज्यांच्यामुळे सगळा गोंधळ सुरू झाला होता त्यांनीच. खेळाडूने क्लब दोन्ही हातांत आडवा धरून स्वतःच्या मांड्यांना टेकवायचा. गाईडने फक्त क्लबचं टोक धरायचं आणि ते झेंड्याच्या रेषेला समांतर होईपर्यंत फिरवायचं. खेळाडू क्लबसोबत वळतो, पाय स्वतः लावतो. क्लब जमिनीवर नाही, खेळाडूच्याच हातात आहे. बूट, खांदा, कंबर, कशालाच कुणाचा हात लागत नाही. मग खेळाडू क्लब खाली घेतो, गाईड फक्त त्याचं डोकं चेंडूमागे टेकवून चेहरा सरळ करतो.

यात एक वरचढ फायदा निघाला जो आमच्या डोक्यातही नव्हता. पाय खेळाडूने स्वतः लावले की आपण कुठे तोंड करून उभे आहोत हे त्याच्या अंगात राहतं. पूर्वी दिशा गाईडकडून मिळायची आणि फटका झाला की विसरली जायची. आता कल्याण स्वतः सांगतात, "मी उजवा उभा आहे, परत फिरव." म्हणजे कॅडी खेळतो या तक्रारीला जितकं उत्तर देता येईल तितकं या एका सवयीने दिलं.

त्याबरोबर आम्ही शब्दही ठरवले. अंतर आधी, मग धोका, मग उतार, या क्रमानेच. दिशा घड्याळाच्या काट्यांनी: "बंकर एक वाजता, वीस पावलं." खेळाडूने क्लब मागे नेला की गाईडने तोंड बंद. हे शेवटचं वहिनींकडून आलं. एनएसएसची मुलं उत्साहात "हां, मारा मारा" म्हणायची आणि हात बिघडायचे. वहिनींनी हॉलमध्ये त्या मुलांचा तास घेतला, आणि शाळेतला आवाज अजून तसाच आहे हे कळलं.

चिठ्ठीचं काय, तर मध्यम मार्ग निघाला. नवरा, बायको, भाऊ, मुलगी असा घरचा गाईड असेल तर तो चिठ्ठीत नाही, कायम. क्लबचे कॅडी आणि एनएसएसची मुलं चिठ्ठीत. कॅडींना पैसे फक्त लीग देणार, सगळ्यांना सारखे. वर कुणी देऊ नये. स्कोअरकार्डवर गाईडचं नाव लिहायचं, म्हणजे पुढे हँडिकॅप काढताना दिसेल. आणि गुण लिहायचे ते दुसऱ्या जोडीच्या गाईडने, स्वतःच्या नव्हे. हा नियम आधीच असायला हवा होता असं डोंबिवलीने मोठ्या आवाजात सांगितलं, आणि त्याला ताबडतोब लिहायला बसवलं.

पैशाचा नियम मात्र मामांच्या पोटावर आला. त्यांचं सोमवारचं उत्पन्न निम्म्यावर आलं. त्यांनी भांडण केलं नाही. पुढच्या फेरीला ते आलेच नाहीत. फोन केल्यावर स्वच्छ सांगितलं की दुसऱ्या सभासदाचा राउंड होता. एका जाणत्या माणसाला समानतेच्या नावाखाली आपण बाहेर ढकललं, हे आम्हाला दिसत होतं. शेवटी त्यांना गाईडच्या प्रशिक्षणाचे वेगळे पैसे द्यायचं ठरलं, हंगामाआधी आणि मध्ये, हॉलमध्ये आणि मैदानावर. ते शिकवतातही झकास. ग्रीनवर मुलांना खाली बसवून, डोळे मिटायला लावून, तळहात गवतावर ठेवायला सांगतात. त्यातून बऱ्याच मुलांना उतार वाचता यायला लागला. पण सामन्यातला मामा सगळ्यांना मिळावा म्हणून केलेल्या नियमाने सामन्यातून मामाच गेले, ही गोष्ट मला आजही डाचते, आणि याहून चांगली रचना करता आली असती का हे मला सांगता येत नाही.

उरलेल्या फेऱ्या

चौथी फेरी बोरिवलीला जड गेली. चिठ्ठीत त्याला एनएसएसचा पहिल्या वर्षाचा मुलगा आला. चौथ्या होलवर दोघांत अंतरावरून बोलाचाली झाली. मुलगा यार्ड सांगत होता, मध्येच मीटर. बोरिवली त्या दिवशी तक्त्याच्या मध्यावर राहिला. कल्याण पहिले आले नाहीत, मुलुंड आली. तिचा गाईड मामांकडून शिकलेला नवखा कॅडी होता, आणि दोघांनी मिळून एकही होल शून्यावर सोडला नाही. पाचव्या फेरीला बोरिवलीने चिठ्ठीतल्या मुलाला आदल्या आठवड्यात स्वतः फोन केला, तासभर सोबत सराव केला, आणि पुन्हा वरच्या तिघांत आला. तेव्हा कळलं की त्याचा खेळ फक्त मामांवर उभा नव्हता. कल्याणांनीही ग्रुपवर तसं कबूल केलं, त्यांच्या पद्धतीने: "बोरिवलीचा स्विंग चांगला आहे, बाकी मी काही बोलणार नाही."

सहाव्या फेरीच्या दिवशी कल्याणांना ताप होता. वहिनी तरीही आल्या, स्कोअर लिहायला. गाईड कमी पडले तेव्हा त्यांनी डोंबिवलीला मदत केली. डोंबिवलीला ६/३६ ने पायाजवळचा चेंडू चांगला दिसतो, त्याला फक्त चेंडू गेला कुठे ते सांगायला माणूस लागतो. चौथ्या होलनंतर वहिनींनी त्याला सांगितलं, "तू बोलायचं बंद कर, मग मी सांगते."

हंगाम संपल्यावर बोरिवलीने टाईप केलेला एक प्रस्ताव पाठवला. सहापैकी चार फेऱ्या चिठ्ठीने, दोन स्वतःच्या पसंतीच्या गाईडसोबत, आणि दोन्हींचे तक्ते वेगळे. पसंतीच्या फेऱ्यांत गाईडला किती द्यायचे ते ज्याने त्याने ठरवावं, मात्र ती रक्कम लीगला कळवावी. मला हा प्रस्ताव आवडला, कारण पैशाचा विषय त्यात पहिल्यांदाच उघडपणे आला. मुलुंडने एक भर घातली: पसंतीच्या फेऱ्यांत कुणाला कॅडी परवडत नसेल तर लीगने त्याला मामा द्यावेत. त्यावर कल्याणांचं उत्तर आलं की मामा एकच आहेत, आणि मागणारे दहा असतील.

हा प्रश्न पावसाळ्यातल्या बैठकीत सुटेल असं दिसत नाही. प्रस्ताव तूर्त एका हंगामासाठी मान्य झालाय. मामांनी आणखी दोन कॅडी प्रशिक्षणाला आणायचं कबूल केलंय, त्यांचे पैसे कुठून उभे करायचे यावर आम्ही तिघं अजून अडलेलो आहोत. क्लबकडे अर्धी रक्कम मागणारं पत्र डोंबिवली लिहितोय, आणि ते पाठवण्याआधी मी वाचणार आहे.